सावकारी पत्रांचे गद्य आणि त्यांचे संपादन

मराठी गद्याच्या इतिहासात अठराव्या शतकाचे प्रकरण लिहिताना अभ्यासकांपुढे सामान्यतः दोन राशी असतात. एक बखरींची व दुसरी राजकीय पत्रांची. बखर वाङ्मय म्हणून वाचली जाते, पत्र साधन म्हणून. ह्या विभागणीत तिसरी एक रास कोठेच बसत नाही. ती सावकारांच्या, सराफांच्या व त्यांच्या गुमास्त्यांच्या पत्रांची, हुंड्यांची आणि कीर्द-खतावण्यांची. तिला वाङ्मयेतिहासाने जवळ केले नाही ह्यात नवल नाही; परंतु इतिहाससंशोधनानेही तिला ओसरीवरच बसविले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या शतकात मराठ्यांचे राजकारण मोठ्या अंशी कर्जावर चालले, त्या शतकातील कर्ज देणाऱ्याची भाषा आपण अद्याप कर्ज घेणाऱ्याच्या दप्तरातून वाचीत आहोत.

ह्याचे कारण साधनांच्या अभावात नसून साधनांच्या निवडीत आहे. १८७८ मध्ये सुरू झालेला काव्येतिहाससंग्रह, वासुदेवशास्त्री खरे ह्यांचा १८९७ पासूनचा ऐतिहासिक लेखसंग्रह, राजवाड्यांचे १८९८ पासूनचे साधनांचे खंड, आणि रियासतकार सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या अवघ्या चार-पाच वर्षांत सिद्ध केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड, हे मराठी विद्येचे वैभव आहे. मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती मुद्रणालयाने ते ४५ खंड छापले नसते तर पुण्याच्या दप्तराचा पुष्कळसा भाग आजही रुमालांतच राहिला असता. तथापि ह्या सर्व संपादकांचा प्रश्न एकच होता: राज्य कसे वाढले आणि कसे गेले? ह्या प्रश्नास जे पत्र उत्तर देई ते छापले जाई, न देई ते मागे राही. मोहीम, तह, वारसा, कारस्थान ही त्यांच्या वर्गीकरणाची शीर्षके. रुपया त्यांत येतो तो फौजेचा खर्च म्हणून. तो कोणी, कोठून, कोणत्या कागदाच्या बळावर पाठविला, हा मजकूर संपादकाच्या दृष्टीने किरकोळ ठरतो.

अपवाद आहेत, पण तेही ह्याच नियमाची साक्ष देतात. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी (मृत्यु १७४५) ह्यांचा पत्रव्यवहार पारसनीस व राजवाडे ह्यांनी प्रकाशात आणला तो स्वामी पेशव्यांचे गुरू होते म्हणून. ते पेशव्यांचे धनकोही होते, ही गोष्ट चरित्रकारांना अडचणीची वाटली, आणि वाद माजला तो स्वामी साधू की सावकार ह्या प्रश्नावर. भाषेच्या अभ्यासकास हा वाद निरर्थक वाटेल. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ह्या पत्रव्यवहारात आशीर्वादाची भाषा आणि देण्याघेण्याची भाषा शेजारी शेजारी नांदतात, आणि लेखकास त्यांत विसंगती जाणवत नाही. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी ह्यांचीही तीच गत. त्यांचे बंधू आबाजी हे बाजीरावाच्या भगिनी भिऊबाईचे पती, घराणे सावकारीचे, आणि १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी पुढे केलेले नाव बाबूजींचे. इतिहासात ते आले ते ह्या शेवटच्या कारणाने. सावकार जेव्हा राजकारणात उतरतो तेव्हाच त्याचे पत्र छापण्याजोगे होते, असा हा अलिखित दंडक दिसतो.

निवडीइतकाच गंभीर प्रश्न लिप्यंतराचा आहे. मूळ कागद मोडीत. आधी आडवी रेघ ओढावी आणि तिच्याखाली शब्द न तोडता ओळ पुरी करावी, ही मोडीची रीत. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद ती पाळीत नाही. विरामचिन्हे तिला ठाऊक नाहीत. बाळबोधीत उतरविताना संपादकाने शब्द तोडले, ऱ्हस्वदीर्घ नीट केले, पूर्णविराम घातले. वाचकाची सोय झाली. परंतु लिहिणाऱ्याच्या बोलीचा जो काही ठसा त्या अक्षरांत होता तो पुण्याच्या शुद्धलेखनाखाली झाकला गेला, आणि आता छापील पाठावरून अठराव्या शतकातील उच्चाराविषयी काही अनुमान करावे तर ते विसाव्या शतकातील मुद्रितशोधकाच्या सवयीविषयीचे अनुमान ठरण्याचा धोका आहे.

सावकारी कागदांत ह्या गोंधळाला आणखी एक पदर आहे. उभी रेघ ही मोडीत पावाची खूण. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. हीच दुहेरी रेघ संक्षेपाचीही खूण: राजश्री, तालुके, मार्फत इत्यादी शब्द पहिल्या अक्षराने व रेघांनी दाखविले जातात. आणि बाळबोध पोथीच्या सवयीमुळे छापील पानावर तीच दुहेरी रेघ वाक्यान्ताची म्हणून वाचली जाते. म्हणजे एका चिन्हाची तीन कामे. '५॥' हा आकडा साडेपाच आहे हे खतावणीत कोणासही कळेल. पण तो पत्राच्या शेवटच्या ओळीत आला आणि संपादकाचे लक्ष मोहिमेकडे असले की आठ आणे पूर्णविरामात बुडालेच म्हणून समजावे. राजकीय इतिहासाचे त्यात काही बिघडत नाही. व्याजाचा दर काढू पाहणाऱ्याचे मात्र सगळेच बिघडते.

तीच गोष्ट नाण्यांची. त्या काळी 'रुपया' म्हणजे वस्तूचा वर्ग होता, वस्तू नव्हे. सुरती, चांदवडी, अंकुशी, हळी, मुंबई असे रुपये वेगवेगळे, त्यांची चांदी वेगळी, परस्परांतील बट्टा वेगळा, आणि तो बट्टाही ऋतूमानाने व मागणीप्रमाणे हलता. सावकारी पत्रात नाण्याचे नाव हे विशेषण नसते. वाक्याचा अर्थच त्यावर उभा असतो. ते सूचीत न घेता केवळ 'रुपये' अशी नोंद करणे म्हणजे धान्याच्या बाजारभावात ज्वारी की तांदूळ हे न सांगण्यासारखे आहे.

पत्राच्या आरंभीचा मायना गाळण्याची प्रथा तर जवळजवळ सार्वत्रिक झाली. ती समजण्यासारखी आहे. शेकडो पत्रांच्या आरंभी तेच शब्द छापण्यास कागद कोठून आणावा? पण 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' कोणास लिहावे, 'वेदशास्त्रसंपन्न' कोणास, 'तीर्थस्वरूप' कोणास, ह्याचे नियम काटेकोर होते, आणि लेखनप्रशस्तीची पुस्तके ते शिकवीत. ह्या मायन्यांत लिहिणारा आपली पायरी ठरवितो. ब्राह्मण सावकाराने सरदारास, सरदाराने धनकोस, पेढीच्या मालकाने गुमास्त्यास कसे लिहिले, आणि कर्ज थकल्यावर तो मायना तसाच राहिला की बदलला, हे पाहण्याची सोय ज्याने मायना गाळला त्याने बंद केली. भाषेतील आदर आणि बाजारातील पत ह्यांचा संबंध तपासण्याचे ह्याहून चांगले साधन मराठीत दुसरे नाही.

ह्या दुर्लक्षाची किंमत किती हे पाहण्यासाठी सर्वांच्या परिचयाचे एकच पत्र घेणे पुरे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. उत्तरेकडे निघालेला नानासाहेब पेशवा नर्मदेच्या परिसरात असता सावकारांचा एक कासीद त्याच्या लोकांच्या हाती लागला. पानिपताहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नवव्या दिवशी पोचण्याच्या करारावर तो निघाला होता. त्याच्याजवळचे पत्र फोडून वाचल्यावर पेशव्यास कळले की दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा हरविल्या, आणि रुपे व तांबे किती गेले त्याची गणती लागत नाही. इंग्रजी वाचकांस हा मजकूर ग्रांट डफच्या १८२६ मधील इतिहासाने दिला. मराठीत तो शाळकरी मुलासही पाठ असतो. दोन मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे सांगावयास नको.

हे पत्र आजवर काव्य म्हणून वाचले गेले आहे. राष्ट्राच्या शोकास सापडलेले ते रूपक, असा त्याचा गौरव होतो. गौरव अयोग्य नाही, पण तो वाचनातील एक पायरी चुकवितो. हे पत्र पेशव्यास लिहिलेले नव्हते. ते एका पेढीने दुसऱ्या पेढीस लिहिले होते, आणि त्याची रचना रूपकाची नसून तेरजेची आहे. सर्वांत मोलाची बाब प्रथम, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची, असा उतरता क्रम. वरच्या दोन बाबींपुढे नेमका आकडा. खालच्या बाबींची बेरीज न लागल्याची प्रामाणिक नोंद. जमाखर्च लिहिणाऱ्या हाताला शोकातही हाच क्रम सुचला, कारण हाच क्रम त्याला येत होता. मराठी परंपरेत मोत्यांच्या बाबतीत 'गळणे' हे क्रियापद येते. इंग्रजीने त्याचे मोती विरघळले असे चित्र केले. मराठी कानास मात्र ह्या क्रियापदात सरातून निसटण्याचा अर्थ आधी ऐकू येतो, आणि वही लिहिणाऱ्यास तिसराच: अक्षर गळते, ओळ गळते, आकडा गळतो. हा तिसरा अर्थ काव्याच्या दृष्टीने रूक्ष असेल. पण पत्राच्या जातीस तोच अधिक जवळचा आहे.

मग सांकेतिक भाषा कशासाठी? शत्रूच्या प्रदेशातून उघडा कागद नेण्याचा धोका हे एक कारण खरे. परंतु सावकारास शत्रूहून बाजाराचे भय अधिक असते. उत्तरेतील मराठी लष्करावर व सरदारांवर ज्यांचा पैसा अडकला होता, त्यांच्या दृष्टीने ही वार्ता एक दिवस आधी कळणे आणि इतरांस एक दिवस उशिरा कळणे ह्यांतच बुडणे किंवा तरणे होते. दलाल लोक रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत, त्यास करपल्लवी म्हणत. हे पत्र म्हणजे कागदावरील करपल्लवी होय. आणि राज्याच्या जासुदांआधी पेढीचा कासीद पोचतो, पुत्राच्या मृत्यूची वार्ता बापाला दुसऱ्याच्या व्यापारी पत्रातून कळते, ही घटना त्या काळच्या दळणवळणाविषयी कोणत्याही सनदेपेक्षा अधिक सांगते. कासिदांचा आजुरा दिवसांच्या बोलीवर ठरे. पानिपतच्या बाबतीत नऊ दिवसांची बोली होती. पेशवा त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारला. त्या पेढीच्या खात्यात काय झाले, हे विचारण्याची मात्र आपल्या इतिहासकारांस गरज वाटली नाही.

दुसरे उदाहरण भाषाशास्त्रातील आहे आणि ते अधिक वादाचे आहे. मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयी राजवाड्यांनी साधनांच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. १६२८, १६७७ व १७२८ ह्या तीन वर्षांतील एकेक कागद घेऊन त्यांतील मराठी शब्दांचे प्रमाण त्यांनी शेकडा १४.४, ६२.७ आणि ९३.७ असे दाखविले. शिवकाळात भाषा सावरली, हा निष्कर्ष. राजवाड्यांची दृष्टी केवळ टक्क्यांपुरती नव्हती. फारसीने मराठीच्या घडणीवर काय परिणाम केला ह्याचा त्यांनी केलेला विचार आजही वाचनीय आहे. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र टक्के तेवढे उचलले, आणि मागील शंभर वर्षे ते सभांतून व पाठ्यपुस्तकांतून फिरत आहेत.

तीन कागदांवरून भाषेचा आलेख काढता येतो काय? येत नाही, कारण भाषा सर्व व्यवहारांत एकाच गतीने चालत नाही. राजाने आज्ञा करावी आणि बाजाराने ऐकावे असे शब्दांच्या बाबतीत घडत नाही. राज्यव्यवहारकोशाने दहा वर्गांत संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांतील शेवटचा पण्यवर्ग, म्हणजे बाजारहाटाचा. दरबारी पदनामांपैकी काही त्यामुळे रुजली. पण बाजारात ना सराफाने आपले नाव टाकले, ना दलालाने. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, जामीन, हमी, दुकान हे शब्द १७२८ नंतरही होते, १८२८ लाही होते आणि आज आहेत. बेरीज व वजाबाकी ह्या शब्दांवाचून मराठी मुलास गणित शिकविता येत नाही, आणि दोन्ही शब्द फारसी हिशेबनिसीच्या घरचे. सावकारी पत्रे मोजणीत घेतली असती तर आलेख इतका सरळ चढता दिसला नसता.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट शब्दसंख्येत दिसतच नाही. कर्जाऊ नामे येतात आणि जातात. अव्यये आली की राहतात. 'बद्दल' ह्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ मोबदला असा. मोबदला हा शब्दही त्याच धातूचा. हिशेबात अमुक रक्कम तमुक 'बद्दल', म्हणजे तिच्या ऐवजी वा तिच्या पोटी दिली, अशी नोंद होई. तेथून तो 'विषयी' ह्या अर्थी पसरला, आणि आज कवीही प्रेमाबद्दल लिहितो. 'खेरीज' म्हणजे मुळात हिशेबाबाहेरचे. 'मार्फत' म्हणजे ओळख. पैसा कोणाच्या ओळखीने पोचला हे सांगताना ती ओळख विभक्तीचे काम करू लागली. 'बाबत', 'शिवाय', 'सबब', 'निसबत' ह्यांची कुळे अशीच तपासता येतील. कोणत्याही कागदात ह्यांची संख्या थोडीच असणार, त्यामुळे टक्केवारी त्यांना मोजूनही ओळखीत नाही. परंतु वाक्यातील नामांना एकमेकांशी बांधणारी ही दोरी मराठीने मोठ्या प्रमाणावर जमाखर्चाच्या वहीतून घेतली आहे. फारसीचा प्रभाव ओसरला असे म्हणताना ती कोठे मुरली हे पाहावयाचे राहून गेले.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. बाजाराची भाषा सगळीच परकी नव्हती. सावकार हा साहुकार, आणि साहू म्हणजे साधू, अशी व्युत्पत्ती सामान्यतः मान्य आहे. 'व्याज' शब्दाचा संस्कृतातील अर्थ मिष, कपट. साधूने कपटावर पैसे द्यावेत, अशी ही शब्दांची थट्टा आहे. ज्या पिढीने ती प्रथम केली तिला संस्कृत येत नव्हते की चांगलेच येत होते, हे ठरविणे कठीण. शहाजोग हुंडीतील 'शहा' हा बादशहा नव्हे, तो हाच साहू; 'जोग' म्हणजे योग्य. प्रतिष्ठित पेढीवाल्याच्या हाती देण्यायोग्य ती शहाजोग, नाव घालून दिलेली ती नामजोग, माल सुखरूप पोचल्यासच पैसे देणारी ती जोखमी. दाखविताच पैसे मिळावयाची ती दर्शनी, मुदतीने मिळावयाची ती मुदती. हुंडी 'शिकारणे' ह्यात शिकार नाही, स्वीकार आहे. आणि पैसे पोचल्यावर जी लिहून द्यावयाची ती 'पावती'. पत्र पावते, पैसा पावतो, देवही पावतो. तिन्ही ठिकाणी मराठी माणसाने एकच क्रियापद वापरले, ह्यात त्याच्या प्रतीक्षेचा स्वभाव दिसतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हुंडीचा मसुदा हा तर गद्यरचनेचा स्वतंत्र विषय आहे. रक्कम प्रथम आकड्यांत, मग अक्षरांत, मग तिचे निमे सांगून त्याची दुप्पट. रुपये १००० असतील तर एक हजार, ज्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे. एक शून्य वाढविणाऱ्यास तीन ठिकाणी खोटे लिहावे लागावे, ही योजना. साहित्यशास्त्र ज्यास पुनरुक्तिदोष म्हणते तोच येथे गुण होतो. हुंडी हरवली तर पेठ लिहावयाची, पेठ हरवली तर परपेठ, आणि पैसे चुकते झालेल्या हुंडीस खोका म्हणावयाचे. म्हणजे प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाच्या अस्तित्वाची वा नाशाची जाणीव ठेवून लिहिला जातो. त्या काळच्या पत्रांत 'मागील पत्र पावलेच असेल' अशा अर्थाचा मजकूर वारंवार येतो तो शिष्टाचार नव्हे. वाटेत कागद गहाळ होणे हे गृहीत धरून चालणाऱ्या व्यवहाराची ती वाक्यरचना आहे. पत आणि पत्र ह्या दोन शब्दांचा व्युत्पत्तीने संबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. व्यवहाराने तो संबंध पुरेसा जोडलेला आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये मुंबईत सिद्ध झाला, १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि ह्या व्यवहारातील शब्दांचा आजही सर्वांत भरवशाचा साक्षीदार तोच आहे. एका परक्या कोशकाराने ज्या शब्दांना पान दिले त्या शब्दांचे मूळ कागद छापण्यास आपण अजून वेळ काढलेला नाही.

मुंबईच्या संदर्भात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. १६६८ मध्ये बेट कंपनीकडे आले. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी. ह्या काळात बेटावरील बाजार मराठी मुलुखापासून तुटलेला नव्हता. सकलाद आणि तांबे वर जाई, कापूस खाली येई, आणि त्यांच्या मागे हुंड्या दोन्ही दिशांनी चालत. मराठी पत्रांत 'मुंबईकर' म्हणजे बेटावरचा रहिवासी नव्हे, कंपनीचे मुंबई सरकार. तेथील प्रमुख तो 'जनराल'. आणि कंपनी ती 'कुंपणी', जिच्यात मराठी कानास कुंपण ऐकू आले असल्यास ते अगदीच चुकीचे ऐकले असे म्हणवत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या १७१५ च्या आज्ञापत्रात सावकारांचा सन्मान करावा असे सांगितले आहे, आणि त्याच प्रकरणात टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, असा इशारा आहे. व्यापाऱ्यांतील हा भेद इतक्या लवकर व इतक्या स्पष्टपणे मांडणारे मराठी गद्य दुसरे क्वचितच मिळेल.

मुंबईच्या व्यापाराचा इतिहास मात्र लिहिला गेला तो दुसऱ्या बाजूने. फॉरेस्टने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठेविषयक वेचे मुंबई सरकारच्या इंग्रजी कागदांतून निवडले. लक्ष्मी सुब्रमण्यन ह्यांचा १९९६ मधील मुंबई, सुरत व पश्चिम किनाऱ्यावरील देशी भांडवलाविषयीचा ग्रंथ हा ह्या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा आहे. सुरतेच्या वाणी सराफांच्या हुंड्यांच्या आधारावर मुंबई सरकारचा विस्तार कसा झाला हे त्यात साक्षेपाने दाखविले आहे. परंतु तोही मुख्यतः इंग्रजी दप्तरांवर उभा आहे. तेथे सराफ बोलतो तो कंपनीच्या लेखनिकाच्या तोंडून. त्याचा मायना गेलेला, त्याचे नाते गेलेले, उरलेली ती रक्कम आणि तारीख. हा ग्रंथकर्त्रीचा दोष नव्हे. मराठी व गुजराती कागद वाचून, त्यांचे विश्वसनीय पाठ छापून तिच्या हाती देण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही. इटलीत प्रातो येथील दातिनी नावाच्या व्यापाऱ्याची (मृत्यु १४१०) सुमारे दीड लाख पत्रे राहिली, आणि त्यांवर अर्थशास्त्रज्ञांइतकेच भाषेचे अभ्यासकही जगले. आपल्याकडे काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे अभिलेखागार आहे, पुण्यास पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. उणीव कागदांची नाही.

उणीव मोडी वाचणाऱ्यांची आहे, आणि त्याहूनही वाचलेले जसेच्या तसे उतरविण्याच्या शिस्तीची. मूळ ओळ, मूळ ऱ्हस्वदीर्घ, संक्षेप, रेघा, नाण्याचे नाव, मायना आणि समाप्ती ह्यांसह सावकारी कागदांचा एक खंड जरी छापला, तरी वर उपस्थित केलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांचा निकाल लागेल. ते काम फार काळ थांबणार नाही. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी ह्या भागांतील जुनी घरे व चाळी एकामागून एक पाडल्या जात आहेत. सरकारी दप्तराला इमारत असते. पेढीच्या दप्तराला माळा असतो, आणि माळा उतरविताना मोडी न वाचता येणाऱ्या वारसास त्या वह्या कागदाच्या वजनानेच दिसतात.

ही भाषा मात्र कागदाबरोबर संपलेली नाही. धनादेश 'वटतो', हे क्रियापद हुंडीचे आहे, आणि वटाव हा त्याचा भाऊबंद. गिरगावातील बँकेच्या खिडकीशी ते अजून रोज बोलले जाते. टपालखात्याची मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि परळ-लालबागच्या गिरणगावातून कोकणात व घाटावर जाणारा पैसा तिने नेण्यास आरंभ केला. चाळीतून गावी जाणाऱ्या पत्राची घडण पाहावी: आरंभी साष्टांग नमस्कार, मग 'वि. वि.', मग इकडील खुशाली, लगेच अमुक रुपये पाठविले आहेत, पावल्याचे कळवावे, आणि शेवटी लोभ असावा. हुंडी लिहिल्याची वर्दी देणाऱ्या अठराव्या शतकातील पत्राचा सांगाडा हाच. लिहिणारा बहुधा गिरणीकामगार, पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहून घेणारा. 'विनंती विशेष' ही दोन अक्षरे कशाचा संक्षेप आहेत हे त्याला सांगता आले नसते. मनिऑर्डरच्या फॉर्मखालच्या अरुंद पट्टीवर मजकुरास दोन-तीन ओळींचीच जागा असे. तेथेही खुशाली वगळली जाई, 'वि. वि.' राही.